नागडी मालकी

जेनोवात मी सतरा वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. ग्रीसने काळी झालेली नखं, गुडघ्याचं दुखणं आणि महिन्याचा ठरलेला पगार, एवढंच त्यातून हाती आलं. छत्तिसावं लागलं तेव्हा मला वाटायला लागलं की ज्या इमारतींच्या पोटात आपण रोज शिरतो, त्यातल्या एखाद्या घराने तरी आपलं भलं करावं. बायको नाद्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. आम्ही भाड्याने राहतो. खिडकी उघडली की समोरच्याचं न्हाणीघर दिसतं.

म्हणून मी विमानतळाजवळच्या एका हॉटेलात दोन दिवसांच्या वर्गाला गेलो. स्वतःचा एकही युरो न घालता घरांच्या व्यवहारात कसं उतरावं, हे तिथे शिकवणार होते, आणि त्यासाठी स्वतःचे सहाशे युरो आधी भरायचे होते. हॉलमध्ये नव्वद माणसं. शिकवणारा चाळिशीचा, दात पांढरेशुभ्र, बुटात मोजे नाहीत. दर तासाने तो आम्हाला उभं करून शेजारच्याला मिठी मारायला लावायचा. माझ्या शेजारी एक घामेजलेला विमा एजंट होता. त्या दोन दिवसांत मी त्याला अकरा मिठ्या मारल्या.

शिकवण मात्र सोपी होती. आपल्याकडे पैसा नसतो, तो दुसऱ्याकडे असतो. आपण व्यवहार शोधायचा, पैसेवाला शोधायचा, दोघांची गाठ घालायची आणि मधे आपला वाटा ठेवायचा. "लाजू नका," तो म्हणाला. "तुम्ही पैसे मागत नाही आहात. तुम्ही लोकांना संधी देताय." मग त्याने आम्हाला दोन याद्या करायला लावल्या. एक ओळखीतल्या पैसेवाल्यांची. दुसरी, ज्यांच्यावर घर विकायची वेळ येऊ शकते अशांची. फळ्यावर त्याने लिहिलं, घटस्फोट, कर्ज, म्हातारपण, मृत्यू, आणि खाली दोन रेघा ओढल्या.

पहिल्या यादीत माझी सहा नावं झाली. दुसरी लिहिताना पेन थांबेना. कुठल्या मजल्यावर काय चाललंय ते लिफ्टवाल्याला ठाऊक असतं. कोण काठी घेऊन चढतं, कुणाच्या दारात ऑक्सिजनचे सिलिंडर यायला लागलेत, कुणाचा नवरा गेल्या हिवाळ्यापासून दिसत नाही. मी रस्ता, मजला, वय, 'एकटी', 'मुलं परदेशात' असं लिहीत गेलो. विमा एजंट माझ्या कागदात डोकावला.

"तुझ्याकडे तर खजिना आहे," तो म्हणाला.

मला तेव्हा बरं वाटलं. आज ते आठवलं की तोंडात गंजकं पाणी आल्यासारखं होतं.

त्या यादीत सिन्योरा एर्सिलियाचं नाव चौथं होतं. कास्तेलेत्तोच्या चढावर, पाचव्या मजल्यावर ती एकटी राहायची. वय एक्याऐंशी. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तिची सगळी नोकरी बंदरावर झाली. जहाजातून आलेल्या कॉफीच्या पोत्यांत नळी खुपसून मूठभर दाणे काढायचे, वास घ्यायचा, चव घ्यायची आणि माल कसा आहे ते लिहून द्यायचं. तिने नाक मुरडलं की मोठमोठे दलाल गप्प व्हायचे म्हणे.

खरं सांगायचं तर मी तिच्याकडे गेलो नाही, तिनेच मला बोलावलं. त्या इमारतीची लिफ्ट पन्नास वर्षांची होती, आणि ती बदलायला हवी असं मी वर्षभरापूर्वी लेखी दिलं होतं. रहिवाशांच्या सभेत खर्चाचा आकडा निघाला तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. जितका वरचा मजला तितका मोठा वाटा, म्हणजे सगळ्यात मोठा एर्सिलियाचा. एका सकाळी मी गच्चीवरच्या मोटारखोलीतून उतरत होतो, तर ती दार उघडून उभी.

"मिर्को, आत ये. कॉफी टाकलीये."

तिच्या कॉफीला नाही म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. मी बसलो. तिने कप पुढे केला आणि ती सरळ मुद्द्यावर आली.

"मला घर विकायचंय. पण मला इथून हलायचं नाही."

आमच्याकडे इटलीत ही रीत जुनी आहे. म्हातारं माणूस घराची मालकी विकतं, पण मरेपर्यंत राहायचा हक्क स्वतःकडे ठेवतं. घेणाऱ्याला घर स्वस्तात मिळतं, आणि मग तो वाट बघत बसतो. अशा मालकीला कायद्यातच 'नागडी मालकी' म्हणतात. लहानपणापासून हा शब्द ऐकत आलो, पण त्यात नागडं कोण असतं हे मला त्या वर्षी कळलं.

"मालकी दुसऱ्याची झाली की नवी लिफ्ट, छप्पर, भिंती, असले मोठे खर्च त्याचे," एर्सिलिया म्हणाली. "मी नोटरीला विचारून घेतलंय. मी फक्त राहायचं आणि वीज-पाणी भरायचं."

"किती हवेत?"

"एक लाख नव्वद हजार. रिकामं असतं तर तीन लाखांच्या वर गेलं असतं. पण एजंटकडे गेले तर तो फोटो काचेत लावेल आणि खाली माझं वय लिहील. रस्त्याने जाणारे येणारे थांबून वाचतील. ते मला नको. तू शंभर घरी जातोस. दोन भले लोक शोध."

भले लोक. मी मान हलवली, आणि मनात माझा वाटा मांडायला लागलो.

बेत असा होता की दोघांनी अर्धे अर्धे पैसे घालायचे, मी कागदपत्रं, दुरुस्त्या आणि सभा सांभाळायच्या, आणि घर रिकामं होऊन विकलं गेलं की नफ्याचा दहावा हिस्सा माझा. 'घर रिकामं होऊन' हे शब्द मी आरशासमोर म्हणून पाहिले. सफाईने निघाले.

पैसेवाले मात्र सफाईने निघेनात. वर्गातल्या लोकांचा फोनवर एक ग्रुप होता, तिथे टाकून पाहिलं, तर एकूणएक जण माझ्यासारखेच गुंतवणूकदार शोधत होते. विमा एजंटाने मला उलट स्वतःचा व्यवहार पाठवला, सोबत मिठीचं चित्र. एका निवृत्त कप्तानाकडे लग्नातलं जाकीट घालून गेलो. त्याने दोन तास ऐकून घेतलं, माझ्याच पैशाची वाइन प्यायली, आणि शेवटी मलाच रुमानियातल्या कुठल्याशा जंगलाचे शेअर घ्यायला सांगितलं. बहिणीचा नवरा म्हणाला, "पैसे आहेत, पण तुला द्यायला नाहीत." त्यातल्या त्यात तोच सरळ माणूस.

मग डॉक्टर ग्वास्को. ते माझे दात दहा वर्षं बघत होते. मी खुर्चीत आडवा, तोंडात कापूस, अर्धी जीभ बधिर, आणि त्या अवस्थेत मी त्यांना घराचं सांगितलं.

"वय?" त्यांनी विचारलं. घराचं नाही, तिचं.

"एक्याऐंशी."

"काही आजार?"

"ठाऊक नाही."

त्यांनी आरसा पुन्हा माझ्या तोंडात घातला. मला दिसलं की त्यांचा रस संपला. मासा गळावरून सुटताना दोरी सैल पडते तसं काहीतरी मला जाणवलं, आणि मी घाईघाईने कापूस गालात सारून बोललो.

"डॉक्टर, त्या लिफ्टला फेऱ्या मोजायचं यंत्र आहे, मीच बसवलंय. पाचव्या मजल्यावर ती एकटीच राहते. तीन वर्षांपूर्वी त्या मजल्याच्या महिन्याला दोनशे फेऱ्या व्हायच्या. आता साठ होतात."

हे मला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी आरसा ट्रेमध्ये ठेवला, मास्क खाली ओढला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"तू हुशार आहेस," ते म्हणाले. "उगाच लिफ्टमध्ये सडतोयस."

त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत.

दुसरा अर्धा भाग इवानाने घ्यायचं ठरलं. शहरात तिची नाण्यांवर चालणारी चार लाँड्री दुकानं आहेत. पन्नाशीची, काटक बाई, बोलताना समोरच्याच्या कॉलरकडे बघते. तिने दोनच प्रश्न विचारले. कागद स्वच्छ आहेत का, आणि किती वर्षं. दुसऱ्याला मी म्हटलं, "तुम्ही स्वतःच येऊन बघा."

शनिवारी सकाळी मी दोघांना वर घेऊन गेलो. एर्सिलियाने राखाडी स्कर्ट घातला होता, ओठांना लाली लावली होती. इवानाने मलईच्या पेस्ट्रीचा डबा आणला होता. एर्सिलियाने आभार मानले आणि डबा न उघडता बाजूला ठेवला. तिने खोल्या दाखवल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बंदरावरच्या क्रेन आणि त्यांच्यामागचा समुद्र दाखवला. डॉक्टरांनी समुद्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते तिला हसवत होते. विनोद अगदी सुमार होते, पण ती रीत म्हणून हसायची, आणि ती हसली की ते थोडे पुढे वाकायचे. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं. ते तिच्या तोंडात बघत होते.

इवाना न्हाणीघराच्या निमित्ताने आत गेली. बोळातल्या आरशात मला झोपायच्या खोलीचा तुकडा दिसत होता. तिने पलंगावरच्या चादरीचा कोपरा उचलला, गादीवर तळवा दाबला, आणि मग तो तळवा नाकाशी नेला. मी एर्सिलियाकडे पाठ करून उभा राहिलो, जेणेकरून तिला आरसा दिसू नये.

"जिना चढता का कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

"वेळ आली तर चढते," एर्सिलिया म्हणाली.

"छान. हृदयाला व्यायाम हवा."

मग कॉफी आली. पहिल्याच घोटाला मला कळलं की ती आदल्या दिवशीची होती, गरम करून दिलेली. मी एर्सिलियाकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"वा, काय कॉफी आहे," डॉक्टर म्हणाले.

खाली फुटपाथवर आम्ही तिघे उभे राहिलो.

"हिरड्या बघितल्यास?" डॉक्टर मला म्हणाले. "मागे सरकल्यात, सुजल्यात. अशा हिरड्या असल्या की हृदयाचं वेगळं बघावं लागत नाही. चार वर्षं. फार तर पाच."

"गादी कोरडी आहे," इवाना म्हणाली. "खाली रबरी कापडही नाही. अजून सगळं स्वतःचं स्वतः करते. मी सात धरते."

"गोडाला हात लावला नाही तिने. साखर असणार."

"असेल. पण बायका चिवट असतात, डॉक्टर. माझी सासू बघा, अजून बसलीये."

"सात धरलीस तर परवडत नाही."

"मग भाव पाडायला सांगा."

दोघे माझ्याकडे वळले. लिलावात तिसरी बोली माझी असल्यासारखे वाट बघत उभे राहिले. त्यांना नको असेल तर व्यवहार गेला, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

"सहा," मी म्हणालो.

तो आवाज माझाच होता, अगदी रोजचा, एखाद्याने किती वाजले विचारल्यावर सांगावं तसा. घरी जाताना बसमध्ये मी हात पँटला पुसत होतो, पण हाताला काही लागलेलं नव्हतं.

त्या आठवड्यात नाद्याने टेबल आवरताना माझी यादी वाचली. ओल्या हातात कागद धरून ती माझ्यासमोर आली.

"ही 'काठी, एकटी, बहीण गेली' कोण?"

"असंच. घर विकू शकेल अशी बाई."

"आणि हा 'खोकला वाढलाय'?"

"नाद्या, हा धंद्याचा भाग आहे. वर्गात सगळ्यांनीच लिहिलं."

तिने पेन उचलून माझ्यासमोर ठेवलं. "मग माझी आई राहिली यात. लिही. तिसरा मजला, गुडघा बदललेला, एकुलती एक मुलगी, जावई लिफ्टवाला."

मी हसलो. ती हसली नाही. मी काहीतरी लिहीन म्हणून ती तशीच उभी राहिली, आणि मग दिवा न मालवता आत निघून गेली. कागद मी घडी करून पाकिटात ठेवला. फाडला नाही.

सौदा एक लाख ऐंशी हजारांवर ठरला. नोटरीकडे जायची तारीखही मिळाली. आणि त्याच्या तीन आठवडे आधी, एका मंगळवारी, लिफ्ट बंद पडली. कंट्रोल बोर्ड जळला होता. मी मिलानहून नवा मागवला, आठवडा लागेल म्हणाले. दारावर चिठ्ठी लावली, एर्सिलियाकडे पाण्याच्या बाटल्या आणि फळं पोचवली. ती म्हणाली, "तू आहेस म्हणून काळजी नाही."

पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी मी गाडीला टेकून तेलकट फोकाच्चा पाव खात होतो, तेव्हा डॉक्टरांचा फोन आला.

"लिफ्ट बंद आहे ना तिथली?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सहज गेलो होतो इमारत बघायला. मिर्को, तू मन लावून काम करतोस. पण प्रत्येक ठिकाणी घाई बरी नसते. नव्या लिफ्टचा खर्च आमच्या डोक्यावर येणार, तो वर्षभर पुढे गेला तर बरंच आहे. आणि ही जुनी म्हणशील तर भाग मिळत नाहीत, माणसं सुटीवर असतात, आम्ही समजू शकतो." मग त्यांनी थोडं थांबून म्हटलं, "पाच मजले आहेत. उन्हाळा येतोय."

"म्हणजे काय, डॉक्टर?"

"म्हणजे काही नाही. मी काही म्हटलंच नाही. तुझाही हिस्सा आहे त्यात, तो लवकर हाती आला तर तुझंच भलं."

फोन ठेवला. फोकाच्चाचं तेल बोटांवरून मनगटापर्यंत आलं होतं. उरलेला तुकडा मी सीगलांना टाकला. मला त्या माणसाची शिसारी आली, आणि खोटं कशाला बोलू, त्या शिसारीने मला बरंही वाटलं. वाटलं, काही झालं तरी आपण याच्यासारखे नाही. त्याच तावात गाडी काढली आणि कंपनीच्या गोदामावर गेलो. बोर्ड कुठे अडकलाय ते बघू, मिलानला फोन करून चार शिव्या घालू, असं मनात होतं.

गोदामवाल्याने वर न बघता फळीकडे बोट केलं.

"तुझा बोर्ड सोमवारीच आलाय. दोन मेसेज टाकले तुला."

मी फोन काढून बघितला नाही. कारण ते मेसेज मी वाचले होते. सोमवारी सकाळी साडेआठला, बसस्टॉपवर. वाचून फोन खिशात टाकला होता. आधी हॉस्पिटलचं काम करू, मग शाळेचं, मग बँकेचं, असं स्वतःला सांगितलं होतं. मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. चौदा वर्षांत, भाग गोदामात पडलाय आणि लिफ्ट बंद आहे, असा एक दिवस मी जाऊ दिला नव्हता. डॉक्टरांचा फोन गुरुवारी आला. सोमवारी मला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

बोर्ड बगलेत धरून मी जिना चढलो. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एक लाकडी खुर्ची होती. एर्सिलियाच्या स्वयंपाकघरातली. तिने ती खाली आणून ठेवली होती, दम खायला. मी खुर्चीला वळसा घालून वर गेलो.

बोर्ड बसवायला पाऊण तास लागला. तेवढंच काम होतं. लिफ्ट दोनदा खालीवर करून पाहिली, येताना खुर्ची आत घातली आणि तिची बेल वाजवली. तिने दार उघडलं. पायात सपाता, घोटे पावासारखे फुगलेले.

"झाली का?" तिने विचारलं. "ये, बस."

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. "सिन्योरा, डॉक्टर ग्वास्कोना घर विकू नका. इवानालाही नको." आणि मग हिरड्या, गादी, फुटपाथवरचे आकडे, फोन, सगळं ओकलो. स्वतःचा 'सहा'ही सांगितला.

तिने मधे तोंड घातलं नाही. गादीचं ऐकल्यावर एवढंच म्हणाली, "तरीच चादर नीट खोचलेली नव्हती."

"मला तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

"कशाला? मी चाळीस वर्षं लोकांच्या पोत्यांत नळी खुपसली, मिर्को. विकत घेणारा नळी खुपसणारच. मला काय त्यांच्याशी लग्न करायचंय? शिळी कॉफी दिली, आणि काय ते कळलं मला. पैसे आहेत, जीभ नाही. मला पैसेच हवेत." तिने टेबलाला धरून पाय बदलला. "बोर्ड आज आला का?"

आज म्हणता आलं असतं. गोदामवाला काही तिला भेटणार नव्हता.

"सोमवारी," मी म्हणालो.

"आज गुरुवार आहे."

"हो."

तेव्हा मात्र तिचा चेहरा बदलला. तिने खुर्चीकडे पाहिलं, जी मी नुकतीच दारात ठेवली होती.

"परवा मंगळवारी मी औषधं आणायला उतरले होते," ती म्हणाली. "वर यायला पाऊण तास लागला. त्या खुर्चीवर बसून मी मिलानच्या लोकांना शिव्या घालत होते. म्हणत होते, बिचारा मिर्को तिकडे धावपळ करत असेल."

मी खुर्ची दारातून आत सरकवली.

"डॉक्टर घर विकत घेतोय. मी कधी मरते याची वाट बघणं हेच त्याचं काम, त्याच्या कागदावरच तसं लिहिलंय. तो वाट बघतो म्हणून मला त्याचा राग नाही. पण तू लिफ्टवाला आहेस."

आवाज चढला नव्हता. तिने दार थोडं जास्त उघडून धरलं.

"जा आता. मला पाय वर करून पडायचंय."

मी लिफ्टने उतरलो नाही. जिन्याने गेलो. खाली येऊन यादी पाकिटातून काढली आणि रस्त्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत फाडून टाकली. त्याने काही झालं नाही. कागद गेला, पण नावं, मजले, वयं सगळं मला पाठ होतं.

व्यवहार झाला. मी नव्हतो, एवढाच फरक. इमारतीच्या व्यवस्थापकाकडून मला नंतर कळलं की एर्सिलियाने स्वतः दोघांना बोलावून पुन्हा एक लाख नव्वद हजार मागितले, आणि नव्या लिफ्टचं काम तीन महिन्यांत सुरू करायचं असं करारात घालून घेतलं. मधला माणूस गेल्यामुळे दहावा हिस्सा वाचत होता, म्हणून त्यांनी ते मानलं. डॉक्टरांनी मला फोन केला. आवाजात राग नव्हता.

"तुझं काय बिनसलं कळलं नाही. असो. तुझ्या ओळखीत अजून कुणी आहे का? फेऱ्यांचा आकडा असेल तर उत्तम."

मी फोन बंद केला. त्यांनी पुन्हा केला नाही. त्यांना माझ्यासारखे आणखी मिळाले असणार, हॉटेलातले ते वर्ग तर दर महिन्याला भरतात.

नवी लिफ्ट बसवायचं काम मी मागून घेतलं नाही. कंपनीला सांगून शहराच्या दुसऱ्या टोकाला बदली करून घेतली, तिथल्या इमारती नव्या आहेत आणि मी तिथे कुणाशी दोन शब्दांपलीकडे बोलत नाही. नाद्याला सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "सोमवारचं तू तिला स्वतः सांगितलंस?" मी हो म्हटलं. तिने हातातली भांडी पुसून ठेवली आणि जेवायला वाढलं. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

एर्सिलिया आता चौऱ्याऐंशीची आहे. गेल्या महिन्यात मंडईत दिसली. दोन्ही हातांत पिशव्या, एकीतून अर्तिचोकच्या भाजीचे देठ बाहेर आलेले. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली. "मला जमतं."

आणि माझ्या शेजारून, चढाच्या दिशेने निघून गेली.